अंगठीपाशी अडलेली कथा

"वीरांची कथा बाईनं सांगायची नसते, पोरी," लहानपणी ऐकलेला बापाचा दटावणीचा सूर सोर्खाच्या कानात अजून होता. आज चुलीभोवती शेजारी दाटीनं बसले होते आणि म्हातारा बाप टाइग आयर्लंडातल्या अल्स्टर प्रांताच्या वीराची कथा रंगवत होता. ती कथा गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. समुद्रकाठी वीरानं एका अनोळखी पोराला भाल्यानं पाडलं, वाकून त्याचा हात पाहिला आणि... टाइगला पुढचं आठवेना. "काय टाइगबाबा, वीराला भिजत ठेवून झोपलात?" कुणीतरी हसलं. सोर्खानं पिंजायची लोकर खाली ठेवली. "बोटात अंगठी होती," ती म्हणाली, "वीरानंच त्या पोराच्या आईला दिलेली. त्यानं स्वतःचाच लेक मारला होता." टाइगनं खुर्ची सोडली. "बस इथं," तो म्हणाला. "दाराआडून ऐकायचीस, ठाऊक होतं मला. म्हणून तर मोठ्यानं सांगायचो."