साठच्या पुढे

"अजून थरथरतंय," गाडीतून उतरता उतरता डॉक्टर म्हणाले. "साठच्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग हातात थरथरतं."

ही तिसरी खेप होती. ताईने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीकडे पाहिलं. दोन दारांची, बुटकी, तीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्‌स कार. हिरवा रंग बॉनेटवर विटलेला, पण आतून आरशासारखी ठेवलेली. गॅरेज ताईचं होतं. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला आणि गॅरेजात चाकांचं काम बघणारा भाऊसुद्धा.

पहिल्या खेपेला डॉक्टरांची तक्रार रास्त होती. चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हातारे झाले होते. पुढच्या दोन्हींमधून तेल गळत होतं. गाडीचा कोपरा दाबून सोडला की ती झोपाळ्यासारखी खालीवर होत राहायची. ताईने साधेच नवे सुचवले.

"साधे नकोत," डॉक्टर म्हणाले होते. "मिळतील त्यातले सगळ्यात चांगले घाला. काही शिल्लक ठेवू नका."

तिने कडकपणा कमी-जास्त करायची घुंडी असलेले भारीतले घातले. जुन्या स्प्रिंगा शिकंज्यात आवळून काढल्या. हे काम ती कुणावर सोपवत नाही, कारण आवळलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. वरची रबरं बदलली. गाडी वळणावर घोरपडीसारखी रस्ता धरू लागली. आठ दिवसांनी डॉक्टर पुन्हा हजर. मग चाकांचा तोल पाहिला, अलाइनमेंट केली, स्टिअरिंगचे सांधे नवे घातले. आणि आज पुन्हा तेच.

"नाचता येईना अंगण वाकडं," भाऊ पुटपुटला. पण अगदी हळू. त्याचा डावा कान याच डॉक्टरांनी उघडला होता. दोन वर्षांपूर्वी, भिंगाखाली, तांदळाच्या दाण्याहून लहान हाड काढून तिथे तेवढंच दुसरं बसवलं होतं. तेव्हापासून भाऊ टायरमधली हवा नुसत्या आवाजावरून ओळखतो आणि गिऱ्हाइकांना ते ऐकवतोही.

ताईला मात्र झोंबलं होतं. पंचवीस वर्षांत एकाच दुखण्यासाठी कुठलीही गाडी तिच्या दारात तिसऱ्यांदा आली नव्हती.

"चला," ती म्हणाली. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

गोदामांच्या मागचा रस्ता लांब आणि सरळ होता. दुपारी तिथे चिटपाखरू नसे. साठ झाले. सत्तर. ऐंशी. ताईने दोन बोटांत स्टिअरिंग धरलं होतं. मांडीवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

"कुठं आहे थरथर?"

"मी चालवतो तेव्हा असते."

"मग चालवा तुम्ही."

दोघांनी जागा बदलल्या. डॉक्टर गाडी छान चालवायचे. गिअर असा पडायचा की कळायचंही नाही. काटा साठच्या पुढे गेला. "हे बघा," ते म्हणाले.

तिने पाहिलं. स्टिअरिंग खरंच थरथरत होतं. अगदी बारीक, पण थांबत नव्हतं. ताईला उलट हायसं वाटलं. दोष आहे म्हणजे तो सापडणार, आणि सापडला की काढता येणार. नेमका कुठून येतोय ते जोखायला तिने हात लांबवून स्टिअरिंग धरलं.

"वेग कमी करा आणि क्षणभर हात सोडा. मी धरलंय."

डॉक्टरांनी ब्रेक दाबला. काटा चाळिसावर आला, तरी थरथर तशीच. मग त्यांनी हात सोडले, आणि तिच्या बोटांखाली स्टिअरिंग गप्प झालं.

"बाजूला घ्या," ताई म्हणाली. "इंजिन बंद करा."

गाडी थांबली. डॉक्टरांनी किल्ली फिरवली आणि सवयीने दोन्ही हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन बंद होतं, गाडी जागेवर उभी होती, आणि उजवा हात थरथरत होता. डॉक्टर त्या हाताकडे बघत होते. ताईही बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे ते तांदळाएवढं हाड आलं, आणि कुणा अनोळखी माणसाचा कान. ज्याच्यामुळे आपल्या भावाला ऐकू यायला लागलं, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण न सांगून चालणार नव्हतं.

"गाडीत काही नाहीये, डॉक्टर."

त्यांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

"उद्या कुणाचं ऑपरेशन आहे?" तिने विचारलं. आवाज तिच्याही नकळत चढला होता.

"कुणाचंच नाही." डॉक्टरांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले, एकावर एक. "गाडी पहिल्यांदा तुमच्याकडे आणली ना, त्या दिवसापासून मी एकाही पेशंटला हात लावलेला नाही. तुम्हाला दोष गाडीत सापडला असता, तर पुन्हा सुरू करणार होतो."