घट्ट तेल

जावयानं गाडीचं पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा उस्ताद तेल काढून, खालचा नट आवळून नुकतेच गाडीखालून बाहेर आले होते. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. बोटाकडे पाहिलं. पांढरं, मऊ, जन्मभर खडू धरणारं बोट.

"कंपनीनं झीरो-ट्वेंटी लिहिलंय," जावई म्हणाला. "पातळ तेल."

"जावईबापू, पातळ तेल शिवणयंत्राला घालतात. हे इंजिन आहे."

एवढं बोलून उस्तादांनी ट्वेंटी-फिफ्टीचा डबा नरसाळ्यात उपडा केला. दाट तेल मधासारखं सावकाश उतरू लागलं. जावयानं पुस्तक मिटलं. एका वाक्यात पुस्तक मिटणारा मास्तर पोरांपुढे काय दिवे लावत असेल, असं उस्तादांच्या मनात आलं. मुलगी शेजारीच उभी होती. तिनं ना नवऱ्याची बाजू घेतली, ना बापाची. रिकामा डबा उचलून त्यावरचं लेबल वाचलं आणि तो कचऱ्यात टाकला.

मग तीच गाडी चालवत घरी गेली. जावयाला तेवढंही येत नव्हतं. तो शेजारच्या सीटवर पुस्तक मांडीवर घेऊन बसला. आपण लेक कुणाच्या पदरात टाकली, या विचारानं उस्तादांनी मान हलवली.

उस्ताद हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, असं लोक सांगायचे. लोक विसरले तर ते स्वतः सांगायचे. मग मुलगी सासरी गेली, त्याच वर्षी बायकोही गेली, आणि कसं कोण जाणे, लोकांची नियतच फिरली. परवा नेलेली गाडी आज परत दारात. ब्रेक सैल राहिलाय, तेल गळतंय, बोल्ट पडला. कृतघ्न जात. असल्यांची तोंडं पाहण्यापेक्षा उस्तादांनी शेडला कुलूप घातलं.

आता हाताला चाळा म्हणून उरली होती ती जावयाची गाडी. ती दर वर्षी यायची, दर वर्षी उस्ताद तिला घट्ट तेल पाजायचे. तीन वर्षं झाली, गाडीनं हूं की चूं केलं नाही. चहाच्या दुकानात बसून उस्ताद सगळ्यांना ऐकवायचे, कंपन्यांना गिऱ्हाईक मूर्खच लागतं, पाणी विकायचं आणि तेल म्हणायचं.

म्हणून त्यांच्या धाकट्या बहिणीनं नवी गाडी घेतली, तेव्हा तीही त्यांच्याकडेच आली. ती सुईण होती, वस्त्यावस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करायची. कंपनीला एकदा विचारू का, असं तिनं भीत भीत म्हटलं. उस्तादांनी तिला जावयाच्या गाडीकडे बघायला सांगितलं आणि डबा उघडला.

पाचव्या महिन्यात, गारठ्याच्या एका सकाळी, ती गाडी चढावर निळा धूर ओकून बंद पडली. बहीण पिशवी घेऊन पुढचा रस्ता धावत गेली. ती पोचली तोवर बाळंतीण एकटीच मोकळी झाली होती. दोघं जगली ती नशिबानं.

वर्कशॉपमधला चष्मेवाला मेकॅनिक म्हणाला की टर्बो जळला आहे. नव्या इंजिनातल्या वाटा केसासारख्या बारीक असतात, गार सकाळी घट्ट तेल तिथं वेळेवर पोचत नाही. ज्यानं हे घातलं त्यानं पुस्तक उघडलेलं नाही.

उस्तादांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. कालचं पोर, नाकावर चष्मा, नखांत मळ नाही.

"चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "तीन वर्षं हेच तेल पिऊन ठणठणीत असलेली गाडी दाखवतो. मग बोला."

बहिणीलाही त्यांनी सोबत घेतलं. साक्षीला माणूस हवं. मुलीच्या दारात त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि स्वतः बॉनेट उचललं. चष्मेवाल्यानं तेलाची पट्टी ओढली, टोकावरचा थेंब दोन बोटांत चोळला, उजेडात धरला.

"हे पातळ आहे, काका. झीरो-ट्वेंटीच दिसतंय."

उस्ताद जावयाकडे वळले. तीन वर्षांचा सगळा तिटकारा त्यांच्या तोंडावर गोळा झाला.

"तोंडावर बोलायची छाती नाही, म्हणून पाठीमागे बदललंत. तुमच्या या भेकडपणापायी माझी बहीण रस्त्यावर पडली."

जावई गोंधळून बायकोकडे पाहू लागला. त्याला बॉनेट कुठून उघडतं हेदेखील ठाऊक नव्हतं, आणि हे उस्तादांइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"त्यांना काही बोलू नका, बाबा," मुलगी म्हणाली. "मी बदलते. दर वर्षी, ते शाळेत गेले की. आत्याच्या गाडीचं मला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर तिचंही बदललं असतं."

उस्तादांना हसू आलं. त्यांनी घरातल्या बाईमाणसाला कधी पान्याला हात लावू दिला नव्हता.

"तुला गं कुणी शिकवलं हे?"

"आईनं. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात की ती शेडमध्ये जायची, आणि तुम्ही केलेली प्रत्येक गाडी पुन्हा पहिल्यापासून करायची."