कुणालीला काही बोलायचं नाही

दुधाचं पातेलं कुणालीच्या हातून पडलं. दूध पार ओसरीपर्यंत वाहत गेलं. भाकरी थापणारी तिची मामी चंदा तशीच पिठाच्या हातांनी उठली, नुसतं "असू दे गो" म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

मनस्वीच्या अंगाचा तिळपापड झाला. हेच दूध तिच्या हातून सांडलं असतं, तर आईचा आवाज धसईच्या एसटी स्टँडवर ऐकू गेला असता.

कुणाली तिची आतेबहीण. आईबापाची फारकत झाली, आई नोकरीसाठी नाशिकला गेली आणि पोरगी कल्याणची शाळा सोडून मामाच्या घरी आली. रात्र रात्र जागायची, धड जेवायची नाही. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरीच्या मनावर ताण आहे, जपा. तेव्हापासून घरात नियमच झाला, कुणालीला काही बोलायचं नाही. तिला उशिरापर्यंत झोप, तिला अंडं, खिडकीजवळची खाटही तिलाच. मनस्वीला दहावीचा क्लास, गोठ्यातलं शेण आणि विहिरीचं पाणी. एकदा तिनंही सांगून पाहिलं, "आई, माझं पण डोकं शिणलंय."

"मोबाईल बघून शिणलं असंल. ऊठ, भांडी घास."

ताणसुद्धा शहरातूनच आणावा लागतो, हे मनस्वीला तेव्हा कळलं.

पण आजचं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणालीनं आधी मामीकडे बघितलं आणि मग हात सोडले.

"आई, हिनं मुद्दाम पाडलं! परवाची लोणच्याची बरणी पण हिनंच फोडली असंल!"

"गप गो. तिला बोलू नको."

"का नाय बोलायचं? हिचे लाड नि मला बोलणी! हिला एक दिस माझ्या जागी उभी कर, मग कळंल!"

"कर ना मामी," कुणाली म्हणाली. "मुद्दामच पाडलं मी. बरणी पण. तू मनस्वीला दिवसभर ओरडतेस. मला कोणीच ओरडत नाही. पाहुणीला कोण ओरडतं?"

चंदानं हातातलं फडकं कुणालीच्या अंगावर फेकलं.

"आगो भवाने, एवढं दूध घालवलंस नि वर तोंड करून बोलतेस? पूस ते! नि उद्यापासून पाण्याला तू पण जायचं, कळलं?"

कुणाली रडत रडत लादी पुसायला बसली आणि पुसता पुसता हसायला लागली. आपलं अर्धं काम हलकं झालं, म्हणून मनस्वीला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तिचा जीव आतल्या आत जळत होता.

'भवाने' अशी हाक आईनं आजवर फक्त तिलाच मारली होती.