गॅरेजातली ओल

नवरा गेला, त्याची एसीवाली जीप विकली, तेव्हाच सत्यशीलानं ठरवलं होतं, की रिकाम्या गॅरेजात शिलाईचं दुकान टाकायचं. कूलर न्हाई, एसीच बसवायचा.

सेनगावचा एसी मेकॅनिक माप घेता घेता थबकला. “पत्रा लई तापतो ताई, दीड टनच लागंल. पन इथं गाडी लावता काय? गाडीच्या एसीचं पाणी ठिबकलेलं दिसून राहिलं.”

फरशीवर मधोमध ओला डाग होता.

“गाडी कवाच विकली.” तिनं डाग पुसला अन् शिलाई मशीन नेमकी तिथंच मांडली. “दीड टन बसवा.”

एसी बसला. पहिल्याच दुपारी बंद शटरखालून चाकांच्या दोन ओल्या रेघा सरकत आल्या अन् खुर्चीपाशी थांबल्या. सत्यशीलानं मशीन थांबवली नाही.

मग जीपमध्ये ती बसायची त्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला.