दोन गौतमी

दौंडची गौतमी लग्न होऊन आमच्या निमोण्यात सून म्हणून आली. पोलिओनं तिचा एक पाय अधू, म्हणून तिच्या तीनचाकी सायकलीसाठी मी कचेरीत सहा हेलपाटे घातले. सातव्या खेपेला सुनेला संगं घेऊन गेले, तर साहेब फुशारून म्हणाला, "आजी, आता सगळ्या तालुक्यांची माहिती कॉम्प्युटरात जोडलीय!"

बटणं दाबली आन् त्याचं तोंड उतरलं. "अपंगाचा दाखला दौंडच्या गौतमी चांगदेव रणपिसेच्या नावावर आहे. निमोण्याची गौतमी संघर्ष ओव्हाळ तर धडधाकट आहे."

"साहेब, लग्नात बाईचं नाव बदलतं, पाय न्हाई!"

"कॉम्प्युटरला या दोन बाया दिसतात, आजी."

कुबडीवर उभ्या सुनेला मी पुढं केलं.

"मग सायकल त्या दौंडच्या बाईला द्या. ही धडधाकट बाई ढकलत घरी नेईल."