मीटरवर शून्य

लेकीचं श्वासाचं मशीन परत गेल्यावर घरातल्या बॅटरीला काही कामच उरलं नव्हतं. वीज गेली तरी मशीन थांबू नये, एवढ्यासाठीच आईने ती बसवून घेतली होती. तरीही भिंतीवरचा इन्व्हर्टर गुणगुणत होता. ती गुणगुण हळूहळू चढायची, क्षणभर थबकायची आणि उतरायची.

"लोड बदलला की आवाज असा बदलतो, काकू," सगळं काढून न्यायला आलेला मेकॅनिक म्हणाला.

"पण त्याला काहीच जोडलेलं नाही."

त्याने वाकून पाहिलं. खरंच काही नव्हतं. "मग जुना झालाय. म्हाताऱ्यासारखा एकटाच पुटपुटतो." तो हसला. आई हसली नाही.

त्याने भिंतीतला प्लग उपसला, मग बॅटरीच्या तारा काढल्या. स्क्रीन विझली.

"लगेच हात नाही लावायचा. आत थोडा करंट साठून राहतो, तो उतरू द्यायचा." करंट तपासायच्या मीटरच्या काड्या इन्व्हर्टरला टेकवून तो उभा राहिला. आकडे भराभर घसरले आणि शून्यावर आले.

गुणगुण चालूच होती.

मेकॅनिकने काड्या पुसून पुन्हा टेकवल्या. शून्यच. आवाज आता बारीक झाला होता आणि घाईघाईने येत होता. चढायला लागायचा नि अर्ध्यातच तुटायचा.

असा आवाज आईने एकदाच ऐकला होता, लेकीचा हात हातात धरून.

"तारा जोडा," ती म्हणाली.

"काकू, काढूनच न्यायचंय ना?"

"आधी जोडा, दादा. तिला दम लागलाय."