आक्काचं तिसरं कडवं

हमीदभाई मणेरांनी आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या, आवाज मोठा करणाऱ्या कपाटाएवढ्या जुन्या पेटीचं बटण दाबलं आणि म्हणाले, "आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत चहा घेऊ. हिला घाई केलेली चालत नाही."

कुमुदने पर्समधून कॅसेट काढली. तिच्या आईने, आक्काने, शेवटच्या वर्षात घरी गायलेलं पाळण्याचं गाणं त्यात होतं. पण आवाज इतका बारीक, की कानाला नुसती खरखर लागायची. नव्या यंत्रांवर मोठा करून घेतला, की आक्का खणखणीत, बिनचूक गायची. आताशा सगळीच यंत्रं तशी, चुकलेलं-राहिलेलं आपणच भरून काढणारी. फोनसुद्धा माणसाचं अडखळणं वाटेतच शिवून टाकायचा. दुबईत बसलेल्या कुमुदला वर्षभर वाटत राहिलं, आई ठणठणीत आहे.

"आक्का जन्मात इतकी सुरात गायली नाही, हमीदभाई. मला तिचंच गाणं ऐकायचंय."

"मग ही पेटी बरी. अडाणी आहे. बारीक आवाज उचलते, मोठा दाबते. गाणं पुढे कसं जातं, हे तिला ठाऊकच नाही."

टेप फिरू लागली. आक्का गात होती, थोडी बेसूरच. कुमुदला हसू आलं. तिसऱ्या कडव्याला आक्का थांबली. मागची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच थांबली. मग खरखरीतून तिचं पुटपुटणं वर आलं.

"कुमे, पुढं काय गं? आठवंना झालंय मला."

हमीदभाईंचा हात बटणाकडे गेला.

"असू दे," कुमुद म्हणाली.

टेपवर आक्का अजून थांबलेली होती. कुमुदने घसा खाकरला आणि तिला पुढची ओळ हळूच सांगितली.